‘होम’मधले इंद्रन्स आधी कॉमेडियन होते? त्यांचं जुनं-नवं काय काय बघावं?

रातकिडा

मंडळी एक विचारायचंय. मल्याळम सिनेमे बघायला लागून मला फार दिवस नाही झाले, म्हणजे दृश्यम वगैरे सगळ्यांनी बघितले तसे मीही बघितले, पण ममूटी, मोहनलाल, फहाद सोडून बाकीचे नट ओळखू यायला लागलेत ते आत्ता कुठे. तर ‘होम’ बघितला, 2021 चा, रोजिन थॉमसचा, प्राइमवर आला होता. त्यातल्या वडलांनी मला अक्षरशः बांधून ठेवलं.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, वडलांचं नाव ऑलिव्हर ट्विस्ट, खरंच तेच नाव आहे, एकेकाळी व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी चालवायचे. थोरला मुलगा सिनेमाचा डायरेक्टर, पहिला सिनेमा चाललाय, दुसऱ्याची स्क्रिप्ट अडकलीय आणि ती लिहायला घरी आलाय पण दिवसभर तोंड फोनमध्ये. वडलांना स्मार्टफोन शिकायचाय कारण मुलापर्यंत पोचायला तेवढाच रस्ता उरलाय असं त्यांना वाटतंय. मुलाला एका मोठ्या स्टारच्या आयुष्याचं भयंकर कौतुक, आणि वडलांना तो विचारतो की तुमच्या आयुष्यात सांगण्यासारखं असं काय घडलंय. त्यावर हा माणूस काही बोलत नाही, उसळत नाही, चेहऱ्यावरचं हसू जागचं हलत नाही पण डोळे वेगळंच काहीतरी करत असतात. मी तेवढा भाग परत मागे नेऊन बघितला.

मग इंद्रन्स हे नाव शोधलं तर सगळीकडे ‘कॉमेडी ॲक्टर’ लिहिलेलं. यूट्यूबवर नव्वदच्या दशकातल्या क्लिपा मिळाल्या, त्यात काडीसारखा एक माणूस पळतोय, पडतोय, मार खातोय. हाच तो माणूस यावर विश्वास बसत नव्हता. तर हा प्रवास नेमका झाला कसा, आणि आता पुढे काय बघू? आणि मल्याळममध्ये कॉमेडियनना असे रोल देतात तरी कसे, आपण हिंदीत तर बघतो की एकदा शिक्का बसला की बसला.

सबटायटल_वेडी

अरे वा, इंद्रन्सवर धागा! अंजाम पातिरा बघ लगेच, 2020 चा, मिथुन मॅन्युएल थॉमसचा. त्यात ते मोजून थोडाच वेळ आहेत पण सिनेमाची सुरुवातच तिथून होते. जेलमध्ये कुंचाको बोबन, म्हणजे क्रिमिनॉलॉजिस्ट, एका सीरियल किलरशी बोलायला बसलाय आणि तो किलर म्हणजे आपले हे ऑलिव्हर ट्विस्ट. आवाज चढवत नाहीत, डोळे मोठे करत नाहीत, बॅकग्राउंडला भीतीदायक म्युझिकचीही गरज लागत नाही, शेजारच्या घरातलं काहीतरी सांगावं तसं खून करताना कसं वाटतं ते सांगत बसतात. होमच्या आधीचा आहे हा. मी तो आधी बघितला होता त्यामुळे होम बघताना पहिली पंधरावीस मिनिटं मला त्या बाबांची भीतीच वाटत होती.

बाकी सविस्तर कोचीतला_मराठी सांगतील, त्यांनी यायलाच पाहिजे इथे.

कोचीतला_मराठी

आलो. नोकरीमुळे बरीच वर्षं केरळात काढली, मल्याळम बऱ्यापैकी कळतं, आणि इंद्रन्स हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे त्यामुळे लांबण लागणार, सांभाळून घ्या.

मूळ नाव सुरेंद्रन. तिरुवनंतपुरमचे. घरची परिस्थिती अशी की चौथीनंतर शाळा सुटली आणि शिवणकामात पडले. ‘इंद्रन्स’ हे त्यांच्या टेलरिंगच्या दुकानाचं नाव, तेच पुढे पडद्यावरचं नाव झालं. सिनेमात आले तेसुद्धा नट म्हणून नाही, कॉस्च्युमवाल्यांबरोबर कपडे शिवायला, मापं घ्यायला आले. 1981 मध्ये चूताट्टम नावाचा सिनेमा होता, त्यात कपड्यांचं काम करता करता एक छोटासा रोल मिळाला, आणि मग पुढची कितीतरी वर्षं हे असंच चाललं, पोट भरायचं ते मशिनवर आणि मधूनच कुणाला एखादा बारका माणूस हवा असला की कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं.

खरी ओळख मिळाली ती नव्वदच्या दशकात. राजसेनन नावाचे दिग्दर्शक होते, जयरामला हीरो घेऊन त्यांनी घरगुती कॉमेडी सिनेमांची रांगच लावली, मेलेपरंबिल आणवीडू 1993 चा, सीआयडी उन्नीकृष्णन 1994 चा, तिथून इंद्रन्स लोकांना माहीत झाले. मग दरवर्षी ढिगाने सिनेमे. काम काय असायचं? तर अंगाची चेष्टा. मल्याळीत त्यांना ‘कुडक्कंबी’ म्हणायचे, म्हणजे छत्रीची काडी. कुणीतरी उचलून फेकायचं, वाऱ्याने उडवायचं, हीरोला गुंडावर राग असला तरी थप्पड यांनाच, आणि थिएटर हसून लोटपोट. हे मी वाईट म्हणून सांगत नाहीये, टायमिंग जबरदस्त होतं आणि त्या काळात शेजारी जगती श्रीकुमारसारखा गाजलेला विनोदी नट उभा असताना लक्षात राहणं म्हणजे खायची गोष्ट नाही. पण त्यांचे तेव्हाचे सिनेमे काढून बघा, क्लायमॅक्स आला की बहुतेक ठिकाणी हा माणूस गायब. रडारड सुरू झाली, हीरोच्या आईला हॉस्पिटलात नेलं, की यांना फ्रेममधून बाहेर काढलेलं. कारण ते दिसले तर लोक हसतील. एखाद्या नटाला पंचवीस वर्षं असं बाहेर ठेवणं म्हणजे काय ते जरा विचार करून बघा.

बदलाची सुरुवात तशी लवकर झालेली, टी. व्ही. चंद्रन यांनी 2004 मध्ये कथावशेषनमध्ये त्यांना वेगळ्या तऱ्हेचं काम दिलं होतं. पण गाडी लगेच रुळावर आली असं नाही. 2014 मध्ये अपोथेकरी आला, हॉस्पिटलांच्या धंद्यावरचा सिनेमा, त्यासाठी राज्य पुरस्कारांत त्यांचा खास उल्लेख झाला. आणि मग आळोरुक्कम.

आळोरुक्कमवर थांबतो जरा. व्ही. सी. अभिलाष यांचा सिनेमा. इंद्रन्स त्यात पप्पू पिशारडी, म्हातारा ओट्टमतुळ्ळल कलावंत. ओट्टमतुळ्ळल म्हणजे केरळातला एकट्याने करायचा नाच-गाण्याचा प्रकार, अठराव्या शतकात कुंचन नंबियार यांनी तो रूढ केला, चेहऱ्याला हिरवा रंग, कमरेला झालर, आणि पुराणातली गोष्ट सांगता सांगता समोर बसलेल्या बड्या लोकांना टोले हाणायचे. म्हणजे लोकांना हसवणारा कलावंतच. हा पिशारडी वर्षानुवर्षं घर सोडून गेलेल्या मुलाचा शोध घेतोय. मुलगा सापडतो का, कसा सापडतो ते सांगत नाही, कारण सगळा सिनेमा त्यावरच उभा आहे, पण त्यानंतर बाप म्हणून त्याच्या आत जी ओढाताण होते ती इंद्रन्स जवळपास सगळी मानेने आणि खांद्यांनी करतात. भाषणबाजी नाही. 2017 सालचा केरळचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राज्य पुरस्कार या कामाला मिळाला. वयाची साठी उलटलेली तेव्हा.

पुढे डॉ. बिजू यांचा वेयिलमरंगळ, घरदार गेलेलं एक दलित कुटुंब केरळातून थेट हिमाचलातल्या सफरचंदाच्या बागेत मजुरीला जातं. हा सिनेमा 2019 मध्ये शांघायच्या फिल्म फेस्टिव्हलला स्पर्धेत होता, तिथे कलात्मक कामगिरीचा पुरस्कार मिळाला आणि इंद्रन्स तिथल्या रेड कार्पेटवर होते. मग 2021 ला होम, आणि होमसाठी राष्ट्रीय पुरस्कारांत खास उल्लेख, सिनेमालाही सर्वोत्कृष्ट मल्याळम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार.

एक माझं निरीक्षण सांगतो, पटलं तर बघा. टेलर माणूस समोरच्याच्या अंगाकडे बघतो, कोण कुठे वाकतो, कुणाचा एक खांदा खाली आहे, कोण पोट आत ओढून उभा राहतो. होममध्ये ऑलिव्हर मुलाच्या खोलीच्या दारात उभा राहतो ना, आत जाऊ की नको, तेव्हा त्या माणसाची पाठ बघ. मला कायम वाटतं की हे शिवणाच्या टेबलावरून आलंय, कुठल्या ॲक्टिंग स्कूलमधून नाही.

जुना_प्रेक्षक

कोचीतला_मराठी, सुंदर लिहिलंत. रातकिडा, तुम्ही विचारलंत की मल्याळममध्ये असे रोल देतात कसे, त्यावर थोडं.

आधी एक गोष्ट, तुम्ही मल्याळम कॉमेडियनना ओळखत नाही असं समजू नका. हेरा फेरीतले बाबूराव गणपतराव आपटे आपल्या घरचे झालेत, पण ते मूळचे मन्नार मत्ताई. 1989 चा रामजी राव स्पीकिंग, सिद्दीक-लाल जोडीचा, त्यात हा रोल इनोसंट यांनी केला होता. नाटक कंपनी चालवणारा, कर्जात बुडालेला म्हातारा. आपल्याकडे तो येईपर्यंत चष्मा, धोतर, बोलणं सगळं बदललं आणि परेश रावळ यांनी त्याचं सोनं केलं, पण मुळातला माणूस तिकडचा.

आणि ही माणसं कुठून आली ते बघा. इनोसंट इरिंजालकुडाचे, शिक्षण आठवीपर्यंत, कर्नाटकात दावणगिरीला काडेपेटीचा कारखाना चालवून बघितला, मग सिनेमे काढून बघितले, शेवटी नट. पुढे कितीतरी वर्षं कलाकारांच्या संघटनेचे अध्यक्ष, कॅन्सर झाला त्यातून उठले, 2014 ला चालक्कुडीतून खासदार म्हणून निवडून आले. मार्च 2023 मध्ये गेले. त्यांच्या पाठोपाठ एप्रिलमध्ये मामुक्कोया गेले. मामुक्कोया कोळिकोडचे, कल्लाईच्या लाकडाच्या वखारीत ओंडके मोजायचं काम करायचे, आणि पडद्यावरसुद्धा कोळिकोडच्या मुसलमान वस्तीत बोलतात तसंच बोलायचे. 1987 च्या नाडोडिक्काट्टूमध्ये त्यांचा गफूर दोन बेकार पोरांना होडीतून दुबईला नेतो म्हणून पैसे घेतो आणि मद्रासच्या किनाऱ्यावर उतरवतो. त्या काळी केरळातल्या घराघरातून कुणीतरी गल्फला गेलेलं किंवा जायला निघालेलं, त्यामुळे हा विनोद कुणाच्या काळजाला लागत होता ते लक्षात घ्या. तो फक्त हसण्यासाठी नव्हता.

तर मुद्दा हा की तिथला विनोदी नट मुळात एखाद्या गावचा, एखाद्या धंद्यातला माणूस म्हणून येतो. त्याची बोली त्याच्याबरोबर येते. असा माणूस रडला तरी खरा वाटतो, कारण तो हसवत होता तेव्हाही खराच वाटत होता. हिंदीतला कॉमेडियन बऱ्याचदा कुठलाच नसतो, म्हणून त्याला दुसरीकडे उचलून ठेवता येत नाही.

रातकिडा

बाप रे, बाबूराव म्हणजे मन्नार मत्ताई हे मला माहीतच नव्हतं, रामजी राव लिस्टमध्ये टाकला.

जुना_प्रेक्षक तुमचा बोलीचा मुद्दा पटतोय पण मग एक विचारतो, मी तर सगळं सबटायटलवर बघतो, इंग्रजीत लिहिलेलं, त्यात बोली वगैरे काहीच पोचत नाही, तिरुवनंतपुरम काय आणि कोळिकोड काय मला सारखंच. तरी मला होम पोचला. मग बोलीपेक्षा दुसरं काहीतरी असणार ना? आणि इतके सगळे कॉमेडियन शेवटी सिरीयस रोलमुळेच मोठे झाले का?

चाफेकळी

इथे मी जरा वेगळं बोलणार आहे. हा जो सूर असतो ना दरवेळी, की आधी कॉमेडी करायचा आणि मग ‘खरा’ अभिनय केला, तो मला खटकतो. जणू काही हसवणं म्हणजे बालवाडी आणि रडवणं म्हणजे डिग्री.

सुरज वेंजारमूडू यांचं उदाहरण घ्या. वेंजारमूडू हे तिरुवनंतपुरमजवळचं त्यांचं गाव. मिमिक्रीतून आले, तिथली बोली हे त्यांचं हत्यार, इतकं की 2005 च्या राजमाणिक्यमसाठी ममूटींना ती बोली बसवायला त्यांनी मदत केली. मग चट्टंबिनाडूमधला दशमूलम दामू, गावातला गुंड ज्याच्या हातून एक काम धड होत नाही, आजही केरळातले निम्मे मीम त्याच्या तोंडावर चालतात. आणि मग 2013. डॉ. बिजू यांच्या पेररियात्तवर सिनेमात ते कचरा उचलणारे सफाई कामगार झाले, त्यासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, राजकुमार रावबरोबर विभागून. त्याच वर्षी केरळ सरकारने त्यांना काय दिलं? सर्वोत्कृष्ट विनोदी नटाचा पुरस्कार, दुसऱ्याच एका सिनेमासाठी. एकाच माणसाला एकाच वर्षी दिल्लीने म्हटलं देशातला सर्वोत्तम अभिनेता आणि घरच्यांनी म्हटलं छान हसवतोस.

तेव्हा लोक हळहळले की बघा राज्याने ओळखलं नाही. मला वाटतं दोन्ही पुरस्कार योग्यच होते! चूक असलीच तर विनोदी नटासाठी वेगळं खातं करण्यात आहे. त्याच्या उत्तम विनोदी कामाला ‘सर्वोत्कृष्ट अभिनेता’ का म्हणायचं नाही? सलीम कुमार यांना 2010 चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो आदमिंटे मकन अबूसाठी, हजला जायची आस लागलेला म्हातारा अत्तरवाला, काम अप्रतिमच आहे, सिनेमा 2011 मध्ये भारताकडून ऑस्करला पाठवला होता. पण पुलिवाल कल्याणममधला त्यांचा मनवाळन मी कितीदा बघितला असेल, आणि त्यातला प्रत्येक पॉज तितक्याच मेहनतीचा आहे, त्याला कुणी दिल्लीला बोलावलं नाही.

आपल्याकडेही हेच झालं की. लक्ष्मीकांत बेर्डे किती मोठा नट होता हे सांगायची वेळ आली की लोक पटकन एक होता विदूषकचं नाव घेतात. ते काम मोठंच आहे. पण बाकीच्या शेकडो दुपारी त्याने आपल्याला पोट धरून हसवलं त्याचं काय?

निवडुंग

चाफेकळी +१. हे कुणीतरी बोलायला हवंच होतं.

कोचीतला_मराठी

चाफेकळी, तुमचं म्हणणं मला मनापासून मान्य आहे, फक्त इंद्रन्सच्या बाबतीत एक फरक करावासा वाटतो. सुरज आणि सलीम कुमार यांच्या विनोदाला तोंड होतं, त्यांना डायलॉग मिळायचे, पंच त्यांचा असायचा. इंद्रन्सच्या वाट्याला बऱ्याचदा पंच यायचाच नाही, ते स्वतःच पंच असायचे. म्हणजे ते काय बोलतात यावर कुणी हसत नव्हतं, ते दिसतात कसे यावर हसत होते. सावळा रंग, हाडं दिसणारं अंग, बारीक आवाज. आणि हे अंग म्हणजे कुणाचं? तर गरीब माणसाचं अंग आहे ते, चौथीत शाळा सोडून मशिनवर बसलेल्या पोराचं. त्यामुळे त्यांच्या बाबतीत कॉमेडीतून बाहेर येणं म्हणजे बालवाडीतून डिग्रीला जाणं नाही, चेष्टेच्या जागेवरून उठून माणसाच्या जागेवर बसणं आहे.

आणि रातकिडाच्या प्रश्नाचं उत्तरसुद्धा मला तिथेच दिसतं. सबटायटलमध्ये बोली जाते, बरोबर, पण अंग जात नाही. होममध्ये इंद्रन्स काही वेगळा चेहरा लावून आलेले नाहीत. नव्वदमध्ये कुणी ओरडलं की ते जसे आक्रसायचे ना, दोन्ही कोपर पोटाशी, मान आत, अगदी तसेच होममध्ये मुलगा खेकसतो तेव्हा आक्रसतात. हालचाल तीच आहे. तेव्हा दिग्दर्शक कॅमेरा लांब ठेवायचा आणि वरून टुण्णकन आवाज टाकायचा म्हणून आपण हसलो. रोजिन थॉमसने कॅमेरा जवळ नेला आणि आवाज काढून टाकला. नट तिथेच उभा होता इतकी वर्षं. माझं त्यांच्याबद्दल सगळ्यात ठाम मत कुठलं असेल तर हे.

त्यात काळही बदलला हे खरं. साधारण 2010 नंतर मल्याळममध्ये कथेला चिकटवलेला वेगळा कॉमेडी ट्रॅक कमी कमी होत गेला, विनोद हीरोच्या आणि घरच्यांच्या बोलण्यातच यायला लागला. मार्च 2012 मध्ये जगती श्रीकुमारांचा मलप्पुरममध्ये गाडीचा भयंकर अपघात झाला, ज्या माणसाशिवाय सिनेमा पुरा होत नव्हता तो एका पहाटेत पडद्यावरून गेला, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी 2022 ला सीबीआय मालिकेच्या पाचव्या सिनेमात काही क्षण दिसला, तर थिएटरात लोक उभे राहिले, डोळे पुसत होते. एक जग संपलं त्या अपघाताबरोबर. ज्यांचं पोट त्या कॉमेडी ट्रॅकवर होतं त्यांना एकतर घरी बसायचं होतं किंवा दुसरं काहीतरी शोधायचं होतं. सुरजना ॲक्शन हीरो बिजूमध्ये, 2016 ला, मोजके सीन मिळाले, बायको निघून गेली म्हणून पोलिस स्टेशनला आलेला साधा माणूस, आणि त्यात त्यांनी असं काही केलं की पुढच्या वर्षी दिलीश पोतनचा तोंडिमुदलुम आला, मग विकृती, अँड्रॉइड कुंजप्पन, या दोन्हींसाठी मिळून 2019 चा राज्य पुरस्कार. ग्रेट इंडियन किचनमधला नवरा तर तुम्ही बघितलाच असेल, तो दशमूलम दामूच आहे हे सांगितलं तर पटणार नाही.

रातकिडा

काय सांगता, किचनमधला नवरा म्हणजे तोच?? मला त्या माणसाचा इतका राग आला होता की नाव बघायचंही सुचलं नाही.

कोचीतला_मराठी, कॅमेरा जवळ नेला हे वाचून मी पुन्हा त्या जुन्या क्लिपा लावल्या आणि आता हसू येईना, आवाज बंद करून बघितल्या तर त्यातल्या एकात तर ते मार खाऊन उठताना मुंडू, म्हणजे तिकडची लुंगी, नीट करतात ती हालचाल होममध्ये जशीच्या तशी आहे.

चाफेकळी

कोचीतला_मराठी, अंगाची चेष्टा आणि विनोद यातला फरक मान्य. पण मग मी असं म्हणेन की त्या चेष्टेच्या सीनमध्येही इंद्रन्सनी स्वतःचं काहीतरी घातलं होतं म्हणून तर लोकांना ते आवडत राहिले, नुसता बारीक माणूस हवा असता तर दर सिनेमाला नवा मिळाला असता. पडल्यावर उठून मुंडू नीट करणं दिग्दर्शकाने सांगितलेलं नसतं. पडलेल्या माणसाची अब्रू त्यांनी तेव्हाही राखली.

जुना_प्रेक्षक

मुंडूची गोष्ट छान पकडलीत दोघांनी.

एक राहिलंच, शाळेचं. चौथीनंतर सुटलेली शाळा या माणसाने पुरस्कार, शांघाय सगळं झाल्यावर परत धरली. केरळात साक्षरता मिशनचे समकक्षतेचे वर्ग असतात, मोठ्या वयात शिकणाऱ्यांसाठी. त्यांना दहावीला बसायचं होतं पण नियमाप्रमाणे आधी सातवीची परीक्षा द्यावी लागते, तर ती दिली आणि 2024 मध्ये पास झाले. वय साठच्या बरंच पुढे, हातात भरपूर कामं, गरज कशाची नव्हती. त्यांच्या मुलाखती बघाल तर बोलणं अजूनही तसंच, हळू, मान थोडी खाली, समोरचा कितीही लहान असला तरी त्याला मान देऊन.

सबटायटल_वेडी

हे सातवीचं माहीत नव्हतं, किती छान.

रातकिडा, आता क्रम सांगते. आधी अंजाम पातिरा, मग आळोरुक्कम, पण आळोरुक्कम शांतपणे बघ, रात्री झोपताना नको, त्यात घाई नाही कसलीच. त्यानंतर सुरजचा विकृती, कोची मेट्रोत झोपलेल्या एका मूकबधिर माणसाचा फोटो दारुडा म्हणून व्हायरल होतो, खऱ्या घटनेवर आहे. सलीम कुमारचा अबू पण सोडू नकोस. आणि मध्ये मध्ये रामजी राव, नाडोडिक्काट्टू असे जुने टाक, नाहीतर नुसते गंभीर बघून चाफेकळी रागावेल.

निवडुंग

उडल कुणीच कसा सांगितला नाही अजून? 2022 चा, रतीश रघुनंदन यांचा. इंद्रन्स आंधळ्या म्हाताऱ्याच्या रोलमध्ये, एक रात्र, एक घर, सून आणि तिचा मित्र, आणि या म्हाताऱ्याला हलक्यात घेण्याची चूक. वर तुम्ही अंगाबद्दल इतकं लिहिलंय ना, तेच काडीसारखं अंग इथे जीव वाचवायला लढतं आणि एकदाही खोटं वाटत नाही.

रातकिडा

लिस्ट लिहून घेतली, सगळ्यांचे आभार. उडल शनिवारी लावू का, घरी आईबाबा पण असतील, त्यांना होम फार आवडला होता आणि तेच ऑलिव्हर ट्विस्ट म्हटलं की बसतीलच बघायला.

निवडुंग

नको! उडल आईबाबांबरोबर अजिबात नको, मारहाण आणि रक्त भरपूर आहे, आणि काही सीन असे आहेत की खोलीत कुणाला कुठे बघायचं कळणार नाही. त्यांच्यासाठी रामजी राव लाव, उडल तू नंतर एकटा बघ.